खुलभर दुधाची म्हातारी

माहेरच्या गावात नाटक बसवायचं आहे, असा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात ऑफिसात होते. फोन भजनी मंडळाच्या प्रमुख बाईंचा होता. माझं माहेर कृष्णाकाठी. कराड मागं टाकून सांगलीकडं निघालं की मध्येच लागतं ते.

"तुमी तिकडं नाटकं करता न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग आमालाबी एक द्या की लिवून. शेवटल्या श्रावणी सोमवारी म्हादेवाच्या देवळात करायचं हाय. पर देवाचं पायजे बगा. आन त्यातनं कायतरी चांगलं सांगितलेलं पायजे."

नाटकं करते म्हणजे काय, तर ऑफिसच्या हौशी मंडळात वर्षाकाठी एखादी आत्याबाई नाहीतर शेजारीण करायची, एवढंच. पण फोन ठेवायच्या आधीच मी हो म्हणून बसले होते आणि कुठली गोष्ट घ्यायची तेही मनात ठरलं होतं. खुलभर दुधाची कहाणी.

लहानपणी श्रावणात दर सोमवारी शेजारच्या काकी ही कहाणी वाचायच्या. सगळ्या बायका हातात तांदळाचे दाणे धरून ऐकायच्या. गोष्ट साधीच आहे. एका राजाच्या मनात येतं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. तो दवंडी पिटतो की घरात थेंबही न ठेवता सगळ्यांनी सगळं दूध देवळात आणून ओतायचं. राजाचा हुकूम, लोक घाबरतात. वासरांना पाजत नाहीत, पोरांना देत नाहीत, हंडेच्या हंडे नेऊन ओततात. गाभारा काही भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. घरातलं सगळं काम आवरून, पोरांना पाजून, वासरांना पाजून, उरलेलं खुलभर, म्हणजे वाटीभर दूध घेऊन आलेली असते. ती ते ओतते आणि गाभारा काठोकाठ भरतो. राजा चक्रावतो. म्हातारी त्याला सांगते की तुझ्या दुधात उपाशी पोरांचे आणि वासरांचे तळतळाट होते, देवाला ते चालत नाही.

ही कहाणी मला फार आवडायची. पूजा, उपास, दानधर्म या सगळ्याच्या आधी घरातलं भुकेलं पोर, एवढं सरळ सांगणारी दुसरी गोष्ट मला माहीत नव्हती. मी ती दोन रविवार बसून लिहून काढली. म्हातारीला मी एक वाक्य दिलं होतं. दूध ओतताना ती म्हणते, "लेकरं धाली, वासरं धाली, उरलं ते तुझं रं म्हादेवा." धाली म्हणजे पोट भरून तृप्त झाली. हे वाक्य सुचलं तेव्हा मी स्वतःवर खूश होऊन स्वयंपाकघरात जाऊन चहा करून प्यायले होते. ते अजून आठवतं.

सगळ्या भूमिका बायकांनीच करायच्या होत्या. राजा झाल्या भजनी मंडळाच्या प्रमुख बाई. त्यांचा आवाज दणदणीत होता, पण ओठांवर मिशी चिकटत नव्हती. म्हातारीसाठी निवृत्त अंगणवाडी सेविका मिळाल्या, बारीक अंगाच्या, पाठांतराला पक्क्या. मी शनिवारी सकाळच्या एसटीनं गावी जायची आणि रविवारी संध्याकाळी परतायची. दुपारी देवळाच्या सभामंडपात तालीम चालायची. गाभारा बनवायचं काम माझ्या दादानं अंगावर घेतलं. दादा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. त्यानं प्लायवूडची समोरून उघडी पेटी केली, आत पांढरं कापड घडी घालून बसवलं आणि मागून दोऱ्या ओढल्या की कापड हळूहळू वर चढेल अशी सोय केली. लांबून बघितलं तर खरंच दूध चढतंय असं वाटायचं. तो दोन पोरींकडून पुन्हा पुन्हा दोऱ्या ओढवून घ्यायचा. "एकदम न्हाई. दमानं. दूध उतू जाताना कसं येतं, तसं."

आई प्रत्येक तालमीला यायची. तेव्हा तिची ऐंशी जवळ आली होती, पण पाठ ताठ. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि ती दादा-वहिनींबरोबर गावीच राहत होती. ती कुणाशी बोलायची नाही. खांबाला टेकून बसायची आणि नाटक बघायची.

नाटक तोंडावर आलं आणि सेविकाबाई चिकनगुनियानं आडव्या झाल्या. त्यांना उठून बसताही येईना. मंडळात एकच गोंधळ उडाला. कुणी म्हणे पुढच्या वर्षी करू, कुणी म्हणे म्हातारी राजालाच करू दे, राजा दुसरा बघू. या सगळ्या गलक्यात आई खांबापाशी बसल्या बसल्या म्हणाली, "मला येतंय समदं."

सगळ्या हसल्या. मग तिनं पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. म्हातारी घरात कशी फिरते, वासराला कसं सोडते, राजाला काय उत्तर देते, सगळं. उभी राहिली नाही, बसूनच म्हणाली. हसणं थांबलं. राजा झालेल्या बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आता वं? तुमच्या घरातच म्हातारी हाय की."

मला आनंद झाला. आईनं आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं, कुठं पुढं झाली नव्हती.

ती काम फार चांगलं करायची. तिला अभिनय करायचा आहे हे ठाऊकच नव्हतं, म्हणून असेल. फक्त एक अडचण होती. दूध ओतायची वेळ आली की ती म्हणायची, "वासरं धाली, उरलं ते तुझं रं म्हादेवा."

"आई, 'लेकरं धाली' राहिलं," मी सांगायची.

ती मान हलवायची. पुढच्या वेळी पुन्हा तेच. वासरं धाली. मला वाटलं, वय झालंय, अडखळत असेल. मी वाक्याची जागा बदलून बघितली. वासरं आधी घेतली, लेकरं नंतर. तरी ती वासरांपाशीच थांबायची आणि वाटी उपडी करायची. एकदा राजाबाई वैतागून म्हणाल्या, "आवं, लेकरांसाठीच तर हाय न्हवं ही कहाणी! तेच गाळलं तर म्हादेव कशाचा भरतोय?"

आई वाटी पदरानं पुसत उभी राहिली.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर ती घरामागच्या परड्यात घेवडा मोडत बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "आई, तुला ते वाक्य जमत नाही का म्हणावंसं वाटत नाही?"

ती घेवड्याच्या शिरा काढत राहिली. मग म्हणाली, "ते खोटं हाय."

"काय खोटं आहे?"

"लेकरं धाली, ते. मी कसं म्हणू?"

मला आधी कळलंच नाही. नाटकातली म्हातारी वेगळी, तू वेगळी, असं काहीतरी मी बोलू लागले. तिनं मला मध्येच तोडलं. "तुला तुझा बारका भाऊ आठवतोय का?"

आठवत होता. पण किती वर्षांत त्याचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं. तो गेला तेव्हा मी सात वर्षांची होते, तो दोनेक वर्षांचा. डोकं मोठं, मान बारीक, केस तांबूस. गोवर होऊन गेला, एवढंच मला माहीत होतं.

आई बोलायला लागली तसं मला एकेक दिसायला लागलं. त्या वेळी वडील साखर कारखान्यात हंगामी होते. हंगाम संपला की घर दोन म्हशींच्या दुधावर चालायचं. गावात नवी डेरी निघाली होती. सकाळी अंधारातच आई धार काढायची आणि मी किटली घेऊन डेरीवर जायची. तिथला माणूस दुधात काचेची नळी बुडवून बघायचा आणि पलीकडच्या मोठ्या कॅनमध्ये ओतायचा. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या किटल्या तिथं रिकाम्या व्हायच्या. घरी आले की आई किटली पाण्यानं विसळायची आणि ते पांढुरकं पाणी चहात घालायची. आम्ही त्याला दुधाचा चहा म्हणायचो.

"त्यो वाटी घिऊन बसायचा," आई म्हणाली. "धार काढताना. म्हशीच्या मागच्या पायापाशी. मी म्हणायची, सर तिकडं, लाथ मारंल. खरं म्हंजी मला त्येची वाटी बघायला नगं वाटायची."

"देत नव्हतीस अजिबात?"

"फेस द्यायची. बोटानं."

घरात वहिनीचा भांडी लावल्याचा आवाज येत होता. आईनं आवाज खाली केला.

"एक गिलास ठिवायची. तुझ्या दादासाठी. त्यो भरतीला पळत हुता तवा. त्येची छाती भरत नव्हती. दोनदा माघारी आलता. मग मी रोज त्येला पळून आल्यावर गिलासभर द्यायची. बारका बसायचा समोर. बगायचा."

मला तो पेला आठवला. पितळी, खाली थोडा चेपलेला. दादा घामेजलेला यायचा, उभ्यानंच गटागटा प्यायचा, पेला ठेवायचा आणि आंघोळीला जायचा. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. घरातला एक माणूस फौजेत गेला की सगळ्यांचं निभावणार होतं. सगळ्या गावात असंच चालायचं.

"त्येला गोवर निघाला," आई म्हणाली. "मग हगवण लागली. सांगलीला नेला. डॉक्टरांनी त्येच्या दंडाला धरून बगितलं आन मला म्हणाले, बाई, ह्याच्या अंगात कायच न्हाई वं. रागवून न्हाई म्हणाले. हळूच म्हणाले."

दादा तेव्हा भरती होऊन ट्रेनिंगला गेला होता. त्याला सुट्टीवर आल्यावर कळलं.

मी जे म्हणायचं ते म्हणाले. गोवरानं तेव्हा खूप मुलं जायची. दूध दिलं असतं तरी कदाचित. सगळ्याच घरांत तसं होतं. तू तरी काय करणार होतीस. आईनं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझ्या कहाणीत राजानं दवंडी पिटली. आमाला कुणी दवंडी पिटली नव्हती. आमीच नेऊन घातलं."

मी म्हटलं, वाक्य काढून टाकते. किंवा तू करू नकोस, मी करते म्हातारी. यावर ती माझ्याकडं जरा रागानं बघायला लागली. "मला करायचं हाय," ती म्हणाली. "काढू नगंस. बगते मी."

सोमवारी सभामंडप भरला होता. बायका आत, पुरुष पायऱ्यांवर आणि बाहेर. दादा पहिल्या रांगेत कडेला, पेटीवर लक्ष ठेवून बसला होता. राजाबाईंची मिशी दवंडीच्या प्रसंगातच सुटली आणि लोक पोट धरून हसले. बाईंनी ती खिशात घातली आणि तशाच पुढं बोलत राहिल्या. हंडे आले, ओतले गेले, कापड हललं नाही. मग आई आली. तिनं स्वतःचंच जुनं लुगडं नेसलं होतं. हातात वाटी. चालत पेटीपर्यंत गेली आणि थांबली.

मी बाजूला कागद धरून उभी होते. तिला आठवण करून द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात ती लोकांकडं वळली.

"वासरं धाली," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच, परड्यात बोलताना असतो तसा. "ह्या म्हातारीची लेकरंबी धाली. तिनं त्यास्नी आदी पाजलं. माझं एक लेकरू हुतं, त्येला मी न्हाई पाजलं. डेरीला घातलं. एकाला पाजलं आन एकाला बगत बसवलं. त्ये गेलं." मग तिनं पेटीकडं वळून वाटी उपडी केली.

मागं दोऱ्या धरून बसलेल्या पोरींना कळेना, ओढायचं की नाही. वाक्य आलंच नव्हतं. पायऱ्यांवर एक-दोघं हसले, त्यांना वाटलं म्हातारी विसरली. आतल्या वयस्क बायकांपैकी मात्र कुणी हसलं नाही. एकीनं पदर तोंडाला लावला. तिच्या शेजारची जमिनीकडं बघत राहिली. त्या सगळ्यांच्या किटल्या मी डेरीवर बघितलेल्या होत्या. मी पोरींना खूण केली. कापड वर आलं, एका बाजूनं आधी, मग दुसऱ्या. दादा तेव्हा तिथं नव्हता. तो उठून पायऱ्या उतरून गेला होता.

घरी आलो तर तो सोप्यात खुर्चीवर ताठ बसलेला. वहिनी माझ्यावरच घसरली. "वन्सं, तुमी सकाळी साताऱ्याला जाताल. हितं आमाला ऱ्हायाचं हाय. घरातलं मढं देवळात न्यायची काय गरज हुती?"

दादानं तिला हातानं थांबवलं आणि आईला विचारलं, "मी पीत असताना त्यो समोर असायचा?"

"असायचा."

"मला का आठवत न्हाई?"

"तू दमून यायचास," आई म्हणाली.

मला वाटलं होतं, ती पुढं काहीतरी बोलेल. तुझा दोष नव्हता, तू पोरगाच होतास, असं. ती तसं काही बोलली नाही. तिला ते सुचलं नसेल, किंवा इतक्या वर्षांनी खरं बोलायला सुरुवात केल्यावर तिला पुन्हा गोड बोलायचं नसेल. दादा उठून आत गेला. त्या दिवसापासून तो आईशी बोलेनासा झाला. भांडण नाही, आवाज नाही. ताट वाढलं की जेवायचा, औषधं आणून कोनाड्यात ठेवायचा. मी फोन केला की म्हणायचा, "हाय, बरी हाय. जेवते." वहिनीनं सांगितलं की त्यानं दूध सोडलंय, चहाही कोराच पितो, आणि घरात कुणी विचारलं की पित्ताचं कारण सांगतो.

नंतर सांगलीच्या एका मंडळानं महिलांच्या नाटुकल्यांचा कार्यक्रम ठेवला आणि आमच्या गावच्या बायकांना बोलावणं आलं. राजाबाईंनी मला फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "सेविकाबाई आता हिंडाय-फिराय लागल्यात. म्हातारी त्याच करतील. तुमच्या आईनी चांगलंच केलं, न्हाई असं न्हाई. पर सणावाराची कहाणी हाय. लोकांनी घरी जाताना चांगलं मन घिऊन जायाला पायजे. न्हाई का?"

मी हो म्हटलं. त्यांचं चुकत होतं असं मला वाटलं नाही.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग बगायला तरी नेशील का?" मी साताऱ्याहून, ती गावाहून, अशा आम्ही सांगलीच्या स्टँडवर भेटलो आणि रिक्षानं नाट्यगृहात गेलो. खरा रंगमंच, खरे दिवे, मऊ खुर्च्या. आई खुर्चीच्या कडेवर बसली होती, जणू कुणी उठवेल. मिशी या वेळी नीट चिकटली होती. सेविकाबाईंनी वाक्य खणखणीत म्हटलं, "लेकरं धाली, वासरं धाली, उरलं ते तुझं रं म्हादेवा." कापड निळसर उजेडात असं संथ चढलं की सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्याही अंगावर काटा आला. लिहिलेलं होतं ते अगदी तसंच्या तसं समोर घडत होतं आणि मला ते बघवत नव्हतं. या कहाणीत वेळेवर शहाणी असलेली म्हातारी होती आणि वेळेवर चूक कळलेला राजा होता. ज्यांना उशिरा कळलं, त्यांना उभं राहायला तिच्यात कुठं जागाच नव्हती, आणि मला लिहिताना ती ठेवायचं सुचलं नव्हतं.

शेवटी पाहुण्यांचं भाषण झालं. ते म्हणाले की या कहाणीचा बोध फार मोठा आहे, आपल्याजवळ कितीही थोडं असलं तरी ते भक्तिभावानं देवाला अर्पण करावं, देव वाटीभर दुधातही प्रसन्न होतो. पुन्हा टाळ्या झाल्या. मी चिडून आईच्या कानाशी लागले, "यांना काही कळलेलंच नाही."

आई म्हणाली, "त्येंच्या घरात दूध आसंल."

बाहेर आल्यावर तिला थकवा आला. स्टँडवरच्या बाकड्यावर बसवलं. म्हटलं, माझ्याकडं साताऱ्याला चल थोडे दिवस, हवापालट होईल. तिनं नकार दिला. "हितनं आता कुटं जायाचं? त्यो बोलत न्हाई, पर घरात हाय न्हवं."

तशीच दिवाळी गेली. नदीचं पाणी उतरून काठ मोकळा झाल्यावर एका सकाळी दादाचा फोन आला. त्यानं कधी नव्हे ते आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाला, "रविवारी येशील का? आईला नदीवर न्यायचं म्हणतोय."

"कशाला?"

"त्येला कुटं पुरलं ते मला बगायचं हाय. मी नव्हतो न्हवं तवा."

मी गेले. आम्ही तिघंच निघालो. दादाच्या गाडीतून उसाच्या रस्त्यानं जाता येईल तेवढं गेलो, मग चालत. लहान मुलांना आमच्याकडं जाळत नाहीत. काठावर एका उंचवट्यावर, बाभळींच्या पलीकडं, पुरायची जागा होती. आईनं दूरनंच हात केला, "त्या तिकडं." जवळ गेलो तर तिथं उसाची लागण होती, मोटारीची पाइप होती. बाभळी कुठंच नव्हत्या. ती थोडी पुढं गेली. "न्हाई, आणि वाईच खाली हुतं. दगूड ठिवला हुता तुझ्या बानं." आम्ही खाली उतरलो. तिथून पुढं काठच नव्हता. महापुरांनी तो कापून नेला होता. सरळ दरड आणि खाली गढूळ, संथ पाणी. दादा दरडीच्या टोकापर्यंत जाऊन वाकून बघून आला. त्याच्या बुटांना चिखल लागला होता.

"हितंच आसंल का?" त्यानं विचारलं.

आई बराच वेळ पाण्याच्या पलीकडं बघत होती. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं. "आता न्हाई सांगता येत," ती म्हणाली. "ती जागाच ऱ्हाइली न्हाई."

दादा उभाच राहिला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. आधी मागं बांधले, मग खिशात घातले. तो रडला नाही, आईही रडली नाही. मला मात्र हुंदका आला, तसं आईनं वळून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ऊन व्हाय लागलंया. चला."

चढ निसरडा होता. आई दोनदा अडखळली. दादा पुढं चालला होता, तो थांबला, माघारी आला आणि त्यानं तिच्या दंडाला धरलं. तिनं धरू दिलं. गाडीपर्यंत दोघं तशीच चालत गेली. मी मागून येत होते. घरी पोचल्यावर दादानं गाडी लावली, आईला उतरवलं, आणि परड्यातल्या नळावर बूट धुवायला गेला.